डोंगर, तोफा आणि अण्णा

आमच्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर एक डोंगर आहे. केनेसॉ माउंटन. आता डोंगर म्हणायचं ते अटलांटाच्या मानाने, सातारकरांनी हसू नये. उंची १,८०८ फूट, आणि त्यातला पायथ्यापासून प्रत्यक्ष चढायचा भाग सातशे फुटांच्या आतबाहेर. रोज सकाळी अजिंक्यताऱ्यावर जाऊन येणाऱ्या माणसापुढे याचं काय कौतुक सांगायचं! पण इकडे सगळा मुलूख झाडांत बुडालेला, लांबचं काही दिसतच नाही. त्यामुळे वर पोचलं आणि अटलांटाच्या उंच इमारती क्षितिजावर काड्यापेट्या मांडल्यासारख्या दिसल्या की बरं वाटतं. बारा वर्षं आम्ही इथे जातोय. मुलगा बाबागाडीत होता तेव्हापासून. दिवाळीचा फराळ जिरवायला, आलेल्या पाहुण्यांना काहीतरी दाखवायला, आणि नवऱ्याशी वाजलं की मी एकटीच.

हे सगळं एक रणांगण आहे हे मला माहीत नव्हतं असं नाही. पाटीवरच लिहिलंय, 'केनेसॉ माउंटन नॅशनल बॅटलफील्ड पार्क'. वर तोफा आहेत, जागोजागी माहितीचे फलक आहेत. पण पुण्यात वीस वर्षं राहिलेल्या माणसाला शनिवारवाडा जसा बसच्या खिडकीतून माहीत असतो तसंच ते. आमच्या लेखी तो डोंगर होता. बस्स.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये अण्णा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. लेकीच्या घरी सहा महिने राहायचं म्हणून आधी बरेच आढेवेढे घेतले, मग आले. एस.टी.त वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर कानाशी भोंगे, समोर माणसांची रेटारेटी. इथे आमच्या कॉलनीत दुपारी रस्त्यावर एक चिटपाखरू नसतं. पहिले आठ दिवस ते खिडकीत बसून कचऱ्याची गाडी आणि पोस्टाची गाडी यांच्या वेळा टिपत होते. (पोस्टाची गाडी रोज वेगळ्या वेळी येते, याबद्दल त्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.) नवव्या दिवशी म्हणाले, "बाळ, इथं चालायला कुठं जागा आहे का?"

म्हणून त्या शनिवारी आम्ही त्यांना डोंगरावर नेलं.

एप्रिल म्हणजे इकडे परागांचा महिना. सगळ्या गाड्यांवर हळद सांडल्यासारखा पिवळा थर. झाडांना कोवळी पानं फुटलेली, मधूनच डॉगवूडची पांढरी फुलं. पार्किंग गच्च. अण्णा खूश दिसले, माणसं होती ना! कुणी पळतंय, कुणी मुलाला खांद्यावर घेऊन चढतंय, कुणाच्या हातात कुत्र्याची दोरी. अण्णा आपल्या चालीने चढत राहिले, मध्ये एकदाही टेकले नाहीत. माथ्याजवळ तोफा दिसल्या तसे मात्र थांबले.

"हे काय गं?"

"तोफा आहेत अण्णा. इथे लढाई झाली होती."

"इथं? या जागेवर?"

तेवढ्यात आमचे तेरा वर्षांचे चिरंजीव नेहमीप्रमाणे एका तोफेवर टांग टाकून बसले आणि मला म्हणाले, फोटो काढ.

"उतर खाली." अण्णांचा आवाज चढला नव्हता, पण माझी लहानपणची पाठ ताठ झाली. "आधी उतर."

तो उतरला. अण्णांनी आजूबाजूला एकदा नजर फिरवली. तंग चड्डीतला एक माणूस तोफेच्या चाकाला पाय लावून पोटऱ्या ताणत होता. दोन बायका बाकावर बसून सँडविच खात होत्या. एक कुत्रं भलत्याच कामात होतं. अण्णा काही बोलले नाहीत. गाडीत बसल्यावर बोलले.

"माणसं मेलीत तिथं. आणि ही रणात कुत्री फिरवतात?"

मला वाटलं, झालं. चालायला एकच जागा होती, तीही गेली.

पण अण्णांचा स्वभाव असा की एखादी गोष्ट खटकली की ती मुळापासून समजून घ्यायची, मग त्यावर नीट रागवायचं. दुसऱ्या दिवशी त्यांनी नातवाला धरलं. "मला सांग, कोण कुणाशी लढलं?" नातवाचं मराठी म्हणजे आनंद आहे, आणि अण्णांचं इंग्रजी तिकिटांच्या हिशेबापुरतं. त्यामुळे ही शिकवणी ऐकायला मी स्वयंपाकघरातला नळ बंद करून उभी राहायचे.

थोडक्यात सांगते. १८६४ चा उन्हाळा. अमेरिकेतल्या यादवी युद्धाचं चौथं वर्ष. उत्तरेचा सेनापती शर्मन लाखभर माणसं घेऊन चॅटनूगाहून अटलांटावर निघालेला. दक्षिणेचा जोसेफ जॉन्स्टन त्याच्या निम्म्याहून थोड्या जास्त फौजेनिशी वाटेत जागोजागी खंदक खणून आडवा येणारा. शर्मन समोरून भिडायचा नाही, बाजूने वळसा घालायचा. मग जॉन्स्टन मागे सरकून नवे खंदक खणायचा. दोन महिने हेच चाललं होतं. मागे मागे सरकत जॉन्स्टन या डोंगरावर येऊन बसला. पाऊस असा लागला होता की रस्त्यांचा चिखल झाला आणि वळसे घालणं अवघड होऊन बसलं. शेवटी २७ जूनला शर्मनने सरळ समोरून हल्ला केला. दुपार व्हायच्या आत तो फसला. उत्तरेची सुमारे तीन हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली, दक्षिणेची सुमारे एक हजार. त्यानंतर शर्मनने पुन्हा वळसाच घातला, २ जुलैच्या रात्री जॉन्स्टन डोंगर सोडून गेला, आणि २ सप्टेंबरला अटलांटा पडलं. म्हणजे इथे जे झालं त्यावाचून काही अडलं नसतं असंही म्हणता येतं. असो.

यात अण्णांना सगळ्यात आधी काय पटलं असेल? रेल्वे. डोंगराच्या पायथ्याजवळून आजही मालगाड्या जातात. चढताना लांबलचक भोंगा ऐकू येतो. तोच तो चॅटनूगा ते अटलांटा मार्ग, शर्मनच्या फौजेचं सगळं खाणंपिणं आणि दारूगोळा त्यावरून यायचा.

"एकेरी मार्ग?" अण्णांनी विचारलं.

नातवाने शोधून सांगितलं, हो, एकेरी.

"एकेरी मार्गावर लाखभर माणसांचं जेवण?" अण्णा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "त्याचा वाहतूक बघणारा माणूस हुशार असला पाहिजे." आमच्या घरात शर्मनच्या पुरवठा खात्याचं एवढं मनापासून कौतुक पहिल्यांदाच झालं.

दुसरी शंका यायचीच होती. ती चिरंजीवांनीच काढली. आजोबा जॉन्स्टनच्या डोंगरावर बसून लढण्याचं कौतुक करतायत हे पाहून तो जरा अस्वस्थ झाला आणि म्हणाला, "पण आजोबा, ते बॅड गाइज होते. ते स्लेव्हरीसाठी लढत होते." शब्द मी पुरवला, गुलामगिरी.

"गुलामगिरी?" अण्णा सरळ बसले. "मग आमच्या जोतीरावांचं पुस्तक?"

मी शाळेत पाठ केलेलं सगळं विसरले होते, अण्णा विसरले नव्हते. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच जिल्ह्यातलं, त्यामुळे अण्णा त्यांच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. 'गुलामगिरी' निघालं १८७३ साली, या डोंगरावरच्या लढाईनंतर अवघ्या नऊ वर्षांनी. आणि जोतीरावांनी ते अर्पण केलं आहे ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, त्यांनी गुलामांना दास्यातून सोडवलं म्हणून. अण्णांनी नातवाला हे सांगितलं. त्याला ते पुरतं कळायला दोनदा सांगावं लागलं. पुण्यातला एक माणूस, इंटरनेट नसताना, यांच्या युद्धाचा निकाल लक्षात ठेवून पुस्तक अर्पण करतो! मग म्हणाला, "म्हणजे आपली साइड ठरलीच." अण्णा म्हणाले, "ठरली की."

त्यानंतर डोंगर अण्णांचा झाला. मी घरून काम करते, सकाळी आठच्या मीटिंगआधी त्यांना सोडायचं आणि साडेनऊला आणायचं. शनिवारी सगळे मिळून. पार्क सुमारे तीन हजार एकरांचं आहे आणि वीस मैलांहून जास्त पायवाटा आहेत. बारा वर्षांत आम्ही त्यातल्या एकाच वाटेने वर गेलो होतो हे सांगायला आता लाज वाटते. खरी लढाई बहुतेक त्या वाटेवर झालीच नाही. ती झाली दक्षिणेला, पिजन हिल आणि चीथम हिल या बुटक्या टेकड्यांपाशी, जिथे पार्किंगला जागा मिळते.

चीथम हिलला आम्ही मे महिन्यात गेलो. इथे शर्मनचे लोक जिथून निघाले तिथून चालता येतं. मोकळं गवत, मग उतार, एक छोटा ओढा, आणि मग चढ. चढ काही फार नाही. आपल्याकडे मुलं असल्या चढावर क्रिकेट खेळतील. झाडांत शिरल्यावर जमिनीला एक लांब उंचवटा दिसतो, त्यावर पानं साचलेली, त्याच्या मागे उथळ चर. मी तो ओलांडून पुढे गेले असते. अण्णांनी हात आडवा धरला.

"ही ताल कुणी घातलीय?"

सातारकडच्यांना सांगायला नको. इतरांसाठी, ताल म्हणजे शेताचा बांध. उतारावरची माती वाहून जाऊ नये म्हणून घालतात ती. अण्णांच्या डोळ्यांना तो बांध दिसला, आणि बरोबरच दिसला. ते दक्षिणेच्या सैन्याचे खंदक होते, एकशे साठ वर्षं उलटली तरी अजून शाबूत. त्यांच्यावर चढू नका अशा पाट्या आहेत. अण्णांनी कंबरेत वाकून रेघ शेवटपर्यंत पाहिली. "पाऊस एवढा पडतो इथं, तरी राहिलीय. झाडांनी धरून ठेवलीय." मग म्हणाले, "आम्ही पानिपतला गेलो होतो. डेपोतले सगळे, कुरुक्षेत्र-हरिद्वार ट्रिपला. काला अंबला उतरलो. छान बाग आहे, स्मारक आहे. आम्ही विचारलं, लढाई कुठं झाली? तो म्हणाला, हेच काय ते. आणि चारी बाजूंना शेतं नि रस्ते. मला तिथं काही दिसेना. डोळ्यांत पाणी आलं ते आपलं ऐकलेल्या गोष्टींनी. जमिनीकडं बघून नाही."

या बांधावर चालून आलेल्या तुकड्यांपैकी एकीचा प्रमुख होता डॅन मॅकूक. वय २९, युद्धाआधी शर्मनचाच वकिलीतला भागीदार. हल्ल्याआधी त्याने आपल्या माणसांना मेकॉलेची 'होरेशियस' ही कविता म्हणून दाखवली, अशी नोंद आहे. (हो, तोच मेकॉले! आपल्याला इंग्रजीत शिकायला लावणारा. हा माणूस कुठे कुठे भेटतो!) मॅकूक बांधापर्यंत पोचला, तिथे गोळी लागली, आणि तीन आठवड्यांनी घरी नेल्यावर गेला. त्याच्या तुकडीतले जे वाचले ते मागे पळालेच नाहीत. पळताना पाठीत गोळी खाण्यापेक्षा उताराच्या आडोशाला पालथे पडले, आणि हातात सापडेल त्याने, ताटल्यांनीसुद्धा, माती उकरून तिथेच खंदक केला. शत्रूपासून तीसेक यार्डांवर. सहा दिवस ते तिथे होते. बांधाखालून बोगदा खणून सुरुंग लावायचाही बेत केला. ४ जुलैला तो उडवायचा होता. त्याआधीच जॉन्स्टन निघून गेला. बोगद्याच्या तोंडाची जागा दगडी कमानीने दाखवलेली आहे.

तिथेच वर इलिनॉयच्या सैनिकांचं संगमरवरी स्मारक आहे. मधे शिपाई, दोन्ही बाजूंना दोन स्त्रिया. इलिनॉयचा एक म्हातारा सैनिक लढाईनंतर पस्तीसएक वर्षांनी इथे परत आला आणि त्याने ही साठ एकर जागा चक्क विकत घेतली. आपले सोबती पडले ती जमीन राहावी म्हणून. पुढे १९१४ साली, लढाईला बरोबर पन्नास वर्षं झाली त्या दिवशी स्मारक उभं राहिलं, आणि १९३५ मध्ये या सगळ्याचं राष्ट्रीय रणांगण उद्यान झालं. आज आपण चालतो त्या पार्कची सुरुवात अशी एका पेन्शनरापासून आहे, हे मला फार आवडलं.

अण्णा स्मारकाच्या पायऱ्यांशी बसले आणि बूट काढायला लागले. मी म्हटलं, "अण्णा, इथे तांबड्या मुंग्या असतात हं." ते म्हणाले, "असू देत." मोजे काढून अनवाणी वर गेले, हात जोडले, खाली आले. तिथे एक वयस्कर जोडपं फोटो काढत होतं. त्यातल्या बाईंनी कॅमेरा खाली घेतला आणि अण्णा बूट घालून होईपर्यंत दोघं तशीच उभी राहिली. कुणी कुणाशी काही बोललं नाही.

खरी गोष्ट त्यानंतर जूनमध्ये घडली.

मुलाला सुट्टी लागली होती. त्याने व्हिजिटर सेंटरमधून एक पुस्तक आणलं होतं आणि रोज संध्याकाळी तो आजोबांना त्यातलं थोडं सांगायचा. अर्धं मराठी, अर्धं हातवारे. त्या दिवशी त्याने सांगितलं ते असं. २७ जूनच्या त्याच सकाळी, चीथम हिलच्या जवळच, हल्ला मोडला. उत्तरेचे जखमी दोन्ही रेषांच्या मधे पडून होते. कडक ऊन. गोळीबाराने खालचा पालापाचोळा आणि झुडपं पेटली, आणि आग त्या जखमींकडे सरकायला लागली. तेव्हा दक्षिणेच्या बाजूचा एक लेफ्टनंट कर्नल, विल्यम मार्टिन, अर्कान्सावाला, त्याने पांढरा रुमाल बंदुकीच्या गजाला बांधला, खंदकावर चढून उभा राहिला आणि समोरच्यांना ओरडून सांगितलं की येऊन तुमची माणसं घेऊन जा, ती जळतायत, आम्ही गोळी झाडणार नाही. नुसतं सांगितलं नाही. त्याची माणसं खंदकातून उड्या मारून बाहेर आली आणि दोन्हीकडच्यांनी मिळून जखमींना उचललं. काम झालं तसे सगळे आपापल्या जागी परतले आणि लढाई पुन्हा सुरू झाली. नंतर उत्तरेच्या एका अधिकाऱ्याने मार्टिनला पिस्तुलांची एक जोडी भेट दिली.

"परत सांग," अण्णा म्हणाले.

त्याने परत सांगितलं. या वेळी मी मधे मधे मराठी केलं. "उचललं" या शब्दाशी अण्णांनी मान खाली घातली ती वर केलीच नाही. मला वाटलं आईची आठवण झाली. मी मुलाला खुणेने आत जायला सांगितलं. तो गेला नाही, जमिनीवर बसून राहिला.

आमच्या गावच्या घरात सोप्यात एक फोटो आहे. गणवेशातला मुलगा, ओठांवर नुकती फुटलेली मिशी. अण्णांचे थोरले बंधू. मराठा लाईट इन्फंट्रीत होते, १९७१ च्या लढाईत पूर्वेच्या आघाडीवर गेले. वय बावीस. एवढंच मला माहीत. दर दसऱ्याला त्या फोटोला हार असतो. तेव्हा कलेवर घरी आणायची पद्धत नव्हती, तिकडेच अग्नी दिला. घरी तार आली आणि मग एक पत्र्याची ट्रंक. ती ट्रंक अजून माळ्यावर आहे, आजीने कुणाला हात लावू दिला नाही. हे सगळं मी लहानपणापासून ऐकत आले.

अण्णांनी त्या संध्याकाळी सांगितलं ते मात्र मी कधी ऐकलं नव्हतं. आईलाही त्यांनी सांगितलं नव्हतं.

"बहात्तर साली शिमग्याला आपल्या गावातला एक जण सुट्टीवर आला. दादाच्याच कंपनीतला. मी अठरा वर्षांचा. मला ओढ्याकडं घेऊन गेला. म्हणाला, तुझ्या आईला सांगू नको. जमालपूरजवळ, रात्रीची वेळ. दादा पुढं पडला. दोन्हीकडनं गोळीबार चाललेला. याला दादाची हाक ऐकू येत होती. पाणी मागत होता. जायला कुणाला मुभा नव्हती, आणि गेला तो परत आला नसता. हा म्हणाला, मी कान झाकून घेतले. पहाटे गेले तेव्हा..." अण्णा थांबले. मग बऱ्याच वेळाने म्हणाले, "मला तो दादाचं सांगायला आला नव्हता गं. कान झाकले ते सांगायला आला होता."

"तुम्ही काय म्हणालात त्याला?"

"मी त्याच्याशी पुन्हा बोललो नाही. पुढं तो पेन्शनीत आला, गावातच राहिला. एस.टी.ला यायचा. मी तिकीट खिडकीवरनं उठून आत जायचो. मागच्या साली वारला."

मला काही सुचेना. मुलाला "मुभा" कळलं नव्हतं पण बाकीचं कळलं होतं. तो म्हणाला, "आजोबा, पण त्याच्याकडे व्हाइट हँकी नव्हता."

"नव्हता बाबा," अण्णा म्हणाले. "आणि तो काही कर्नल नव्हता. वीस वर्षांचा पोरगा होता."

त्या रात्री अण्णा जेवले नाहीत. दूध घेतलं.

दोन दिवसांनी त्यांनी विचारलं, त्या लढाईत मेलेल्यांना पुरलं कुठं? म्हणून आम्ही शेजारच्या मॅरिएटा गावात गेलो. उत्तरेच्या सैनिकांचं दफनस्थान एका टेकाडावर आहे, पांढऱ्या दगडांच्या रांगा, दहा हजारांहून जास्त. त्यातल्या तीनेक हजारांना नावच नाही, बुटक्या दगडावर नुसता आकडा. दक्षिणेच्या सैनिकांचं दफनस्थान गावातच, पण वेगळं. ही जागा ज्याने दिली त्या हेन्री कोल नावाच्या मॅरिएटाच्या माणसाची इच्छा होती की दोन्हीकडच्यांना एकत्र पुरावं. दोन्ही बाजूंनी नको म्हटलं. अण्णांना हे ऐकून राग येईल असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "कसं म्हणतील हो? लगेच नाही म्हणता येत." आणि आकडे वाचत रांगेने पुढे गेले.

मुलाचा एक प्रश्न तसाच राहिला होता, तो त्याने परतताना गाडीत विचारला. मार्टिन चांगला होता, पण त्याची साइड वाईट होती. मग त्याला काय म्हणायचं? अण्णा बराच वेळ बाहेर बघत होते. म्हणाले, "त्यानं त्या दिवशी माणसं उचलली, ते खरं. आणि त्याची बाजू हरली ते बरं झालं, तेही खरं." चिरंजीवांचं यावर समाधान झालं नाही. माझंही पुरतं झालेलं नाही. पण यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही.

२७ जूनला अण्णा म्हणाले, सकाळी लवकर जाऊ. साडेसातला आम्ही चीथम हिलच्या गवतात होतो आणि तेव्हाच अंगाला घाम चिकटत होता. हल्ला आठच्या सुमारास तोफांनी सुरू झाला होता. आम्ही ओढा ओलांडला, चढलो, बांधापाशी आलो. एक बाई पळत गेली, तिच्यामागे जीभ बाहेर काढलेलं लॅब्राडोर. तिने हात केला. अण्णांनीही हात केला, "गुड मॉर्निंग" म्हणाले. एव्हाना त्यांना रोजची आठ-दहा माणसं ओळखत होती. कुत्र्यांची नावंही पाठ होती. मी म्हटलं, "आता रणात कुत्री चालतात वाटतं?"

"चालू देत," अण्णा म्हणाले. "माणसांची वर्दळ असलेली बरी. इथं रात्री किती शांत असेल."

वाटेत त्यांनी एक पांढरा गारगोटीचा खडा उचलला होता. तो खिशात घालणार तेवढ्यात नातवाने सांगितलं, आजोबा, इथून काही न्यायचं नाही, रूल आहे. अण्णांनी तो मुकाट्याने होता तिथे ठेवला. पायाने जरा दाबलासुद्धा.

ऑक्टोबरमध्ये ते परत गेले. जायच्या आदल्या रात्री सामान भरून झाल्यावर नातवाला म्हणाले, तुझ्या त्या मशीनवर जमालपूर दिसेल का? त्याने लॅपटॉप आणला. बांगलादेश मोठा केला, मग ढाका, मग वर उत्तरेला. जमालपूर. उपग्रहातून काढलेलं चित्र, गावाला खेटून वळत गेलेलं जुन्या ब्रह्मपुत्रेचं पात्र, आणि आजूबाजूला हिरवे-तपकिरी चौकोनच चौकोन.

अण्णांनी चष्मा पुसला आणि स्क्रीनजवळ वाकले.

"भाताची खाचरं दिसतात," म्हणाले. "आणि ही नदी होय?"

"हो आजोबा."

"दादाला पोहायला फार आवडायचं." बोट नदीवरून हळूहळू खाली आणलं. मग नातवाला विचारलं, "ढाक्यापासनं हे किती लांब आहे, बघ बरं. रस्ता कसा आहे? एस.टी. जात असेल का तिथं?"